थकलेला खंड आणि स्वेच्छेचा राजीनामा

मराठीतील 'कूळ' हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. कूळ म्हणजे वंश, घराणे. कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा. आणि सावकाराच्या वहीत कूळ म्हणजे ऋणको. सोयरीक जमवताना ज्या शब्दाने माणसाची प्रतिष्ठा मोजायची, त्याच शब्दाने त्याची थकबाकीही मांडायची, अशी ही सोय आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाला शब्दाच्या अनेकार्थतेचे कौतुक असते. महसुली कचेरीत मात्र अशी अनेकार्थता कोणाच्या तरी शेताचा निकाल लावते. नाशिक जिल्ह्यातील कळवण तालुका डोळ्यांपुढे ठेवून या शब्दाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या अर्थांची झटापट पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कळवण गिरणेच्या वरच्या खोऱ्यात वसले आहे. पूर्वेकडे नदीकाठची बागायत, कांदा, ऊस. पश्चिमेकडे सुरगाण्याच्या दिशेने चढत जाणारा डोंगराळ मुलूख आणि त्यात कोकणा व भिल्ल समाजांची गावे. सप्तशृंगीचा गड याच तालुक्यात येतो. २ डिसेंबर १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित क्षेत्रे नव्याने ठरली, तेव्हा पेठ व सुरगाण्याबरोबर कळवणही त्या यादीत संपूर्ण तालुका म्हणून आले. एकाच तालुक्यात पाटाच्या पाण्याची जमीन आणि पावसाच्या भरवशावरची जमीन, बाजारपेठेतला व्यापारी आणि डोंगरावरचा खातेदार, असे दोन्ही असल्यामुळे मालक कोण आणि कूळ कोण, या प्रश्नाचे उत्तर येथे पुस्तकात असते तितके सोपे राहत नाही.

पुस्तकातले उत्तर आधी पाहू. रयतवारीत जमीन खातेदाराच्या नावे लागली आणि सरकारने आपला व्यवहार त्याच्याशीच ठेवला. खातेदाराकडून जमीन घेऊन कसणारा हा सरकारच्या दृष्टीने बराच काळ अंधुकच राहिला. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात वार्षिक कुळाचे कलम आहे: तीन महिने आधी नोटीस द्यावी, आणि ३१ मार्चला, वर्ष संपताना, कुळाने जमीन सोडावी. कारण सांगण्याची गरज नव्हती. खंड भरलेला असो वा थकलेला, वर्ष संपले की नाते संपले. शिवाय खंडवसुलीसाठी मामलेदाराची मदत मागण्याची सोय मालकाला याच कायद्याने दिली होती. कुळाचे गाऱ्हाणे ऐकण्यासाठी तितकेच सोपे दार त्यात शोधून सापडत नाही.

ही स्थिती बदलायला विसाव्या शतकाची चार दशके जावी लागली. कुलाबा जिल्ह्यात चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले आणि तो संप १९३९ पर्यंत टिकला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबई विधानसभेत मांडले. देशावरच्या खेड्यात खोत नव्हता हे खरे. पण खंड थकला म्हणजे अपराध घडला, या गृहीतकालाच कोकणाने तडा दिला होता. १९३९ चा कूळकायदा आला आणि 'संरक्षित कूळ' ही संज्ञा प्रथम कागदावर उमटली. तो कायदा सबंध इलाख्याला लागू व्हायला १९४६ उजाडले. मग २८ डिसेंबर १९४८ पासून 'मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम' अमलात आला. लोक ज्याला नुसता 'कूळकायदा' म्हणतात तो हाच.

खंड न भरणाऱ्या कुळाला बाहेर काढण्याची त्यातली रीत सावकाश वाचण्यासारखी आहे. कलम १४ सांगते की महसुली वर्षाचा खंड ३१ मेपूर्वी भरला नाही तर मालकाला कूळवहिवाट संपवता येईल. पण त्यासाठी कारण लिहून तीन महिन्यांची लेखी नोटीस दिली पाहिजे, आणि त्या मुदतीत कुळाने चूक दुरुस्त केली तर प्रकरण तेथेच मिटते. ३१ मे ही तारीख कोणी निवडली ठाऊक नाही, पण निवडणाऱ्याला शेती कळत असावी. खरीप विकून झालेला असतो, रब्बीही घरात आलेला असतो, आणि मृग आठवड्यावर असतो. त्या दिवशी नोटीस निघाली तर तीन महिने सरताना ऑगस्ट संपत येतो आणि शेतात पीक उभे असते. पेरणीच्या तोंडावर माणसाला बांधाबाहेर उभे करता येऊ नये, अशी ही मांडणी आहे.

पुढची पायरी मामलेदाराची. नोटिशीची मुदत संपली तरी मालकाला स्वतः शेतात पाय ठेवता येत नाही. कलम २९ प्रमाणे मामलेदाराच्या हुकमाशिवाय घेतलेला ताबा बेकायदेशीर. मामलेदारापुढे अर्ज आला की कलम २५ प्रमाणे त्याने कुळाला आणखी एक संधी द्यायची: पंधरा दिवसांत थकबाकी आणि अर्जाचा खर्च भर. भरला, तर वहिवाट संपलीच नव्हती असा हुकूम. पीक बुडाल्यामुळे खंड थकला असे मामलेदाराला पटले तर कारणे लिहून एक वर्षापर्यंत मुदत. ही सवलत संपते ती तीन वर्षे कसूर करणाऱ्याच्या बाबतीत, आणि तेही मालकाने प्रत्येक कसुरीची सूचना वेळच्या वेळी दिली असेल तरच. निकाल न पटल्यास जिल्हाधिकाऱ्याकडे अपील, त्यावर महसूल न्यायाधिकरणाकडे फेरतपासणी. दिवाणी न्यायालयाला या वाटेवर मज्जाव आहे. तेथे दावा चालू असताना 'मी कूळ आहे' असा मुद्दा निघाला तर तेवढा प्रश्न महसूल अधिकाऱ्याकडे पाठवावा लागतो.

त्याच काळात शहरातील घरभाड्याचा कायदाही याच मुशीतून निघाला, हे येथे जाता जाता नोंदवावे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडे देण्यास तयार व राजी असलेल्या भाडेकरूला संरक्षण दिले. १९९९ चा आजचा कायदाही, तो जेथे लागू आहे तेथे, थकबाकीसाठी दावा लावण्यापूर्वी नव्वद दिवसांची नोटीस मागतो, आणि समन्स बजावल्यापासून आणखी नव्वद दिवसांत भाडेकरूने पंधरा टक्के व्याजासह रक्कम भरली तर त्याला बाहेर काढू देत नाही. मुंबईच्या चाळींवर मराठीत विपुल लिहिले गेले. कुळाच्या नोटिशीवर त्या मानाने फारच थोडे लिहिले गेले आहे. असो.

इतकी दारे लावून घेतलेल्या घरातून कुळे बाहेर कशी पडली? कारण ती पडली, हे निश्चित. याचे उत्तर 'राजीनामा' या शब्दात आहे. कुळाने आपखुशीने जमीन सोडावी, लेखी द्यावे, आणि मामलेदाराने ते खुशीचे असल्याची खात्री करून घ्यावी, एवढीच अट. वि. म. दांडेकर आणि गो. ज. खुदनपूर यांनी या कायद्याच्या पहिल्या काही वर्षांच्या अंमलाची पाहणी करून १९५७ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचा हा अहवाल आजही अस्वस्थ करतो. राजीनाम्यांचे प्रमाण मोठे होते, त्यांतली 'स्वेच्छा' विश्वास ठेवण्याजोगी नव्हती, आणि कायदा गावपातळीवर जवळपास अस्तित्वातच नव्हता, असे त्यांच्या पाहणीतून दिसले. थकबाकीचा अर्ज करून कुळाला काढायचे तर नोटीस, पुरावा, मुदत, अपील. राजीनामा घ्यायचा तर एक अंगठा. जो माणूस बियाणे, बैल आणि आजारपणातला पैसा मालकाच्या ओसरीवरून उचलतो, त्याची खुशी कशाने ठरते हे मामलेदाराने एका बैठकीत कसे तपासावे? फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये १८८३ साली कचेरीच्या दारातला शेतकरी दाखवला. सत्तर वर्षांनी कायदा त्याच्या बाजूचा झाला होता, पण दार तेच होते.

१९५६ ची दुरुस्ती या पळवाटेवरही होती. राजीनाम्याने सुटलेली जमीन मालकाला किती ठेवता येईल यावर मर्यादा आली, आणि कलम ३२ ने जाहीर केले की १ एप्रिल १९५७ या 'कृषक दिनी' कुळाने आपण कसत असलेली जमीन विकत घेतली असे मानले जाईल. त्या वर्षीचा गुढीपाडवाही १ एप्रिललाच होता. शेतीचे जुने करार ज्या मुहूर्तावर बोलले जात त्याच मुहूर्तावर कराराचा पायाच बदलला. किंमत आकारणीच्या वीस ते दोनशे पटींमध्ये न्यायाधिकरणाने ठरवायची. मालकांनी या तरतुदींना आव्हान दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये त्या वैध ठरवल्या.

येथपर्यंतची कथा प्रबळ मालक आणि दुर्बळ कूळ अशी चालली. ती कळवणच्या पश्चिम भागात आणली की पात्रे जागा बदलू लागतात. समजा, डोंगराकडच्या गावात एका आदिवासी खातेदाराची आठ-दहा एकर जमीन आहे. अडचणीच्या वर्षी त्याने बाजारपेठेतल्या व्यापाऱ्याकडून धान्य आणि रोकड उचलली. परत देणे जमेना, म्हणून जमीन काही वर्षे व्यापाऱ्याला कसायला दिली. कागदावर खातेदार हा मालक आणि व्यापारी हा त्याचे कूळ. सावकारी वहीत मात्र खातेदार हेच व्यापाऱ्याचे कूळ. खंड आणि व्याज एकमेकांत वळते होत असल्याने खंड 'थकला' असे म्हणण्याचीही सोय उरत नाही. हा मालक कलम १४ ची नोटीस कोणाला देणार? आपल्याच धनकोला? आणि १ एप्रिल १९५७ ची पहाट उजाडली तेव्हा कायद्याने कोणाला जमिनीचा मालक मानले?

लहान मालकाचा विचार कायद्याने केलाच नव्हता असे नाही. ज्याची जमीन ठराविक मर्यादेत आहे आणि वार्षिक उत्पन्न दीड हजार रुपयांहून अधिक नाही, त्याला कलम ८८-क प्रमाणे दाखला मिळवून सक्तीच्या विक्रीतून सुटता येत होते. पण दाखल्यासाठी मुदतीत अर्ज करावा लागे. म्हणजे कलम माहीत हवे, अर्ज लिहिता यावा, तालुक्याच्या गावी खेटे घालता यावेत. हे सारे ज्याला जमते तो बहुधा त्या दाखल्याचा गरजू नसतो.

ही उलटापालट अपवादात्मक होती असे मानण्याचे कारण नाही, कारण विधिमंडळाने तिच्यासाठी पुढे स्वतंत्र कायदा केला. १९७४ चा 'अनुसूचित जमातींना जमिनी प्रत्यर्पित करण्याबाबत' अधिनियम १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत देण्याची व्यवस्था करतो. आरंभाची तारीख कृषक दिनाचीच आहे, हे लक्षात घ्यावे. या कायद्याच्या कक्षेत विक्री, गहाण, पट्टा तर येतातच. परंतु कूळकायद्याखाली बिगर-आदिवासी कुळाने घेतलेली किंवा घेतली असे मानलेली आदिवासी मालकाची जमीनही येते. म्हणजे १९५७ मध्ये 'कसणाऱ्याला जमीन' म्हणून जे दिले, त्यातला काही भाग १९७४ मध्ये 'मूळ मालकाला जमीन' म्हणून परत मागावा लागला. या दोन कायद्यांत विसंगती आहे असे मला वाटत नाही. पहिल्याने सातबाऱ्यावरील नाव वाचून दुर्बळ कोण हे ठरवले, दुसऱ्याने जात-जमात आणि कर्ज वाचून. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये लिंगप्पा पोचन्ना अप्पलवार प्रकरणात हा अधिनियम उचलून धरला.

परतीची वाटही फुकट नव्हती. हस्तांतरित जमीन परत घेणाऱ्या आदिवासीने ती स्वतः कसण्याची हमी द्यायची आणि आकारणीच्या अठ्ठेचाळीस पट रक्कम, अधिक विहीर-बांधबंदिस्ती यांसारख्या सुधारणांचे मूल्य भरायचे. आकारणी क्षुल्लक असे; विहिरीची किंमत तशी नसे. ज्या कर्जापायी जमीन गेली, ती परत घेताना पुन्हा कर्जाचीच पायरी समोर यावी, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

आज या भागात, आणि महाराष्ट्रात सर्वत्रच, जमीन बटाईने, निम्म्या वाट्याने किंवा ठोक खंडाने दिली जाते ती बहुतांशी तोंडी बोलीवर. कूळकायद्याची धास्ती हे त्याचे उघड कारण: एकदा नाव लागले की निघत नाही, ही समजूत तीन पिढ्यांत मुरली आहे. परिणामी खंड थकला तर मालकाला नोटीस देता येत नाही, कारण नोटीस देणे म्हणजे समोरचा कूळ असल्याची कबुली. आणि मालकाने मध्येच जमीन काढून घेतली तर कसणाऱ्याला कलम २९ चा आधार घेता येत नाही, कारण दाखवायला कागद नाही. १९४८ ची ती सावकाश, दयाळू प्रक्रिया दोन्ही पक्षांनी मिळून टाळली आहे. भांडण झालेच तर ते गावातल्या चार जाणत्यांपुढे मिटते, आणि तेथे कोणाचे वजन जास्त यावर मिटते. पीकविमा, पीककर्ज आणि नुकसानभरपाई खातेदाराच्या नावे येतात. गारपीट मात्र कसणाऱ्याच्या कांद्यावर होते.

सातबाऱ्यावर कुळाचे नाव आणि खंड यांसाठी जागा छापलेली असते. पिकांची नोंद करायला पूर्वी तलाठी शेतावर येणे अपेक्षित असे, आणि वहिवाट निराळ्याचीच दिसली तर ते कळवण्याची रीतही नियमांत होती. २०२१ पासून ई-पीक पाहणीत खातेदार स्वतःच मोबाइलवरून आपल्या पिकाची नोंद करतो, शेतात उभे राहून छायाचित्र काढतो. छायाचित्र पिकाचे असते. ते कोणी पेरले, हे विचारणारा रकाना बहुतेक उताऱ्यांवर कोराच राहतो.