नानांच्या वाट्याचे चार चिरे

बँकेत कारकुनी हवी असेल तर उमेदवार पदवीधर हवा, हे ठीकच आहे. पण त्याचा फोटो २० ते ५० केबीत बसला पाहिजे आणि सही १० ते २० केबीत, ही आयबीपीएसच्या अर्जातली अट मी चिकटलो तेव्हा नव्हती. सुट्टीत मालगुंडला गेलो की वाडीतली मुले माझ्याकडे अभ्यासाचे विचारायला येत नाहीत. फोटो 'बारीक' करून घ्यायला येतात. बँकेतला माणूस, त्याला काटछाट येणारच, असा गावाचा समज आहे.

तशी मालगुंडला काटछाटीची परंपरा थोर. १८६६ साली केशवसुत इथेच जन्मले आणि इंग्रजीतले सॉनेट मराठीत आणून त्यांनी भल्याभल्या कवींना चौदा ओळींत बसायला लावले. मात्र कवितेतून काय गाळले ते निदान कवीला तरी ठाऊक असते. फोटोचे तसे नाही. त्याची हकीकत सांगतो, पण आधी थोडा इतिहास सोसा.

१८७० साली प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला. तेव्हा दाग्रों नावाचा फोटोग्राफर बलूनमधून शहराबाहेर निसटला आणि बाहेरच्यांची पत्रे चिमुकल्या फिल्मवर उतरवून कबुतरांच्या शेपटीला बांधून शहरात धाडू लागला. एकेका कबुतरामागे हजारो निरोप! पॅरिसमध्ये ती फिल्म जादूच्या दिव्याने भिंतीवर मोठी करीत आणि समोर बसलेले कारकून ती उतरवून घेत. म्हणजे लहान करण्याची कीर्ती फोटोग्राफरला आणि मोठे करण्याची हमाली कारकुनाला. तेव्हापासून ही वाटणी बदललेली नाही.

पुढे चित्राचेच आकडे झाले. बंगळूरचे नासिर अहमद अमेरिकेत कॅन्ससला प्राध्यापक होते. हे आकडे कमी करण्याची एक युक्ती त्यांना सुचली आणि १९७२ साली त्यांनी सरकारी विज्ञान-निधीकडे पैशांसाठी अर्ज केला. अर्ज नामंजूर. एका परीक्षकाचे म्हणणे असे, की कल्पना फारच सोपी आहे! कर्ज नाकारण्याची मी शंभर कारणे पाहिली आहेत, पण 'धंदा फारच सोपा' हे कारण अजून कुणी लिहिलेले नाही. अहमदांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी ते जानेवारी १९७४ मध्ये छापले, आणि १९९२ साली त्याच युक्तीवर 'जेपेग' नावाचा नियम उभा राहिला. आज आपण इकडून तिकडे पाठवतो ते बहुतेक फोटो याच कातरीखालून जातात.

युक्तीच्या नावात 'कोसाइन' हा शब्द आहे. मी वाणिज्य शाखेचा; तेव्हा खातेवहीच्या भाषेत सांगतो. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनाच्या चौसष्ट रकमा मांडायच्या : पहिली रक्कम सरासरी उजेडाची, पुढच्या ठळक चढउतारांच्या, शेवटच्या अगदी बारीक तपशिलाच्या. मग बारीक रकमांना मोठ्या आकड्याने भागायचे आणि रुपये ठेवून पैसे सोडून द्यायचे. शेवटी बहुतेक शून्येच उरतात. 'पुढे सगळी शून्ये' असा शेरा मारला की पान संपले. डोळ्याला उजेड-अंधार चटकन कळतो, रंगातला बारीक फरक तितका कळत नाही, म्हणून रंगांवर कात्री जास्त. तुम्ही म्हणाल, बिघडले कुठे? ३० जून २०११ ला चार आण्याचे नाणे बंद झाले, कुणाचे अडले? खरे आहे. फक्त हे सोडलेले पैसे कुठल्याच खात्यात जमा होत नाहीत. फोटो मागाहून ताणून कितीही मोठा केला, तरी त्यातली एक पै परत मिळत नाही.

आता नाना. नाना म्हणजे माझे आजोबा. ते हसत नसत. १९७१ च्या मे महिन्यात आत्याच्या लग्नात खळ्यात घरची चौदा माणसे एका रांगेत उभी करून फोटो काढला होता. त्यात नाना हसले होते असे आत्या म्हणते. शक्यच नाही, असे अमेरिकेतले काका म्हणतात. २००१ साली काकांनी तो फोटो मागवला. त्या काळी फुकटच्या मेलपेटीत दोन एमबी मावत आणि टेलिफोनच्या तारेवरून एक एमबी चढवायला चार मिनिटांच्या वर लागत. तेही तार शाबूत असली तर, आणि दिवस पावसाळ्याचे. चुलतभाऊ फोटो घेऊन रत्नागिरीच्या एका सायबर कॅफेत गेला. तिथल्या पोराने तो ३२० बाय २४० ठिपके आणि दहा केबी इतका आवळून पाठवून दिला. मूळ फोटो परत ट्रंकेत गेला. दोन पावसाळ्यांनी ट्रंक उघडली तेव्हा वाळवीने त्याला शून्य केबीवर आणले होते.

आत्याला पंचाहत्तर पूर्ण झाली तेव्हा आम्ही काकांकडून ते दहा केबी मागवले आणि भिंतीएवढे छापले. आत्याने चष्मा पुसून पाहिले.

"अरे, हे नाना की चिऱ्याची भिंत?"

हिशेब साधा आहे. ३२० ठिपके, चौदा माणसे. खांद्यांसकट माणशी तेवीस. चेहऱ्याला फार तर सोळा. म्हणजे आडवे दोन चौकोन, उभे दोन. नानांच्या वाट्याला चार चिरे आले होते. हसू असलेच तर ते पैशांत होते, आणि पैसे त्या पोराने सोडून दिले होते.

रात्री काकांचा फोन आला. "बघितलंस ना? हसलेले नाहीत नाना."

"दादा, तू कॅमेऱ्याकडे बघत होतास," आत्या म्हणाली. "मी नानांकडे बघत होते."

काका गप्प झाले. मी पुन्हा फोटोजवळ गेलो. नवरीचा चेहराही चार चिऱ्यांचाच. पण तेराजण समोर पाहताहेत आणि एका मुंडावळीखालची मान नानांच्या बाजूला वळलेली आहे, एवढे दहा केबीतही दिसत होते.