अर्धशिशी : चटक्यापासून सुईपर्यंत

साखरखेर्ड्यात बोलताना ‘चटका’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. अर्धशिशी उठली की कानशिलावर तापल्या लोखंडाचा नाहीतर बिब्ब्याचा चटका, हे आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. त्याला अडाणीपणा म्हणून मोकळं होऊ नका. सुश्रुतसंहितेत शिरोरोगावर भुवई, कपाळ आणि शंख, म्हणजे कानशील, इथं अग्निकर्म सांगितलेलं आहे. तिकडे स्पेनमध्ये, इ.स. १००० च्या सुमारास, अल-जहरावी या शल्यवैद्यानं कानशिलावर डाग द्यायला सांगितलं. चीर देऊन आत लसणाची पाकळी ठेवायचाही उपाय लिहिला.

आता आजच्या दवाखान्यात येऊ. १९९० च्या दशकात अमेरिकेत विल्यम बाइंडर हे डॉक्टर सुरकुत्यांसाठी बोटॉक्स टोचत असत. रुग्ण म्हणू लागले, डोकेदुखीही कमी झाली! २०१० मध्ये तिथं जुनाट मायग्रेनसाठी त्याला मान्यता मिळाली. दर १२ आठवड्यांनी किमान ३१ ठिकाणी बारीक सुई टोचतात : भुवया, कपाळ, कानशील, डोक्याची मागची बाजू, मान, खांदे. म्हणजे काही जागा सुश्रुताच्याच. मग फरक काय?

फरक पडताळ्यात आहे. चाचणीत जवळपास निम्म्या लोकांना औषधाऐवजी नुसतं मिठाचं पाणी टोचलं. २४ आठवड्यांनी औषधवाल्यांचे २८ दिवसांतले डोकेदुखीचे दिवस सरासरी ८.४ नं घटले, आणि पाणीवाल्यांचे? ६.६ नं! औषधाची स्वतःची कमाई १.८ दिवस. ती खरी आहे, पण वाटते तेवढी मोठी नाही.

चटका देणाऱ्यालाही असाच उतार दिसत होता. तो खोटं बोलत नव्हता. मायग्रेनचा झटका साधारण ४ ते ७२ तासांत आपोआप ओसरतो आणि श्रेय शेवटच्या उपायाला जातं. याला काकतालीय न्याय म्हणतात. आपण म्हणतो, कावळा बसायला अन् फांदी तुटायला. डाग मात्र जन्मभर राहतो.

म्हणून एवढंच सांगतो. घरातली सून डोक्याला फडकं बांधून अंधारात पडली तर ते सोंग समजू नका. तिला चटका देऊ नका, डॉक्टरकडे न्या. आणि सुई टोचायची म्हटली, तर तिथंही विचारा : यानं महिन्याचे किती दिवस वाचतील?