वर्ध्याचा पहिला ठराव

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या मराठी पालकांच्या बोलण्यात वर्ध्याजवळचे सेवाग्राम हमखास येते. गांधीजी, विनोबा, नई तालीम ही नावे पाठीशी घेतली की आपण काही भलतेच करत नाही, एका जुन्या परंपरेत आहोत, असा धीर येत असावा. धीर खोटा नाही, पण परंपरा अर्धीच सांगितली जाते. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ या दोन दिवशी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात (आजचे नवभारत विद्यालय) गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने चार ठराव केले. मातृभाषेतून शिक्षण, हाताच्या उत्पादक कामाभोवती सगळे विषय गुंफणे आणि त्या कामातून हळूहळू शिक्षकांचा पगार निघणे, हे तीन सर्वांना आठवतात. त्यांच्या आधीचा, म्हणजे पहिला ठराव असा की, देशभर सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण असावे. शाळेच्या पठडीवर सर्वांत कडक टीका जिथून झाली, तिथूनच सक्तीचीही मागणी झाली. वर्ध्याचा हा दुहेरी वारसा डोळ्यांआड केला की होमस्कूलिंगच्या कायद्याचा सगळा वाद 'परवानगी आहे की नाही' एवढ्यावर येऊन थांबतो. माझ्या मते तो वाद चुकीच्या जागी चालला आहे. या जिल्ह्यातल्या शिक्षणप्रयोगांचे घोडे बंदीमुळे अडले नाही, मान्यतेपाशी अडले. घरी शिकणाऱ्या मुलाचेही आज तिथेच अडते.

आधी सक्तीची बाजू पाहू, कारण होमस्कूलिंगवाल्यांना ती सरकारी हेकटपणा वाटते. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात विधेयक आणले आणि पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात सक्ती लागू केली आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. वर्धा तेव्हा मध्य प्रांतात होते. तिथे १९२० च्या कायद्याने स्थानिक संस्थांना आपापल्या हद्दीत सक्ती करण्याचा अधिकार मिळाला. यांतल्या कोणाच्याही डोळ्यांपुढे घरी पुस्तके वाचून दाखवणारे आईबाप नव्हते. कापूस वेचायला, गुरे राखायला, धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी ठेवलेली पोरे होती. वर्ध्यासारख्या कपाशीच्या मुलखात हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. वेचणीच्या दिवसांत वर्ग ओस का पडतो ते इथल्या प्रत्येक मास्तरला ठाऊक असते. घटनेतली चौदा वर्षांची मर्यादाही याच चिंतेतून पक्की झाली. नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना परिषदेत कोणी ती खाली आणू पाहिली, तेव्हा डॉ. आंबेडकरांचे उत्तर सरळ होते: चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला घटना मनाई करते, मग ते मूल तोवर कुठल्यातरी शिक्षणसंस्थेत असायला हवे. सक्ती आली ती मुलाला मालकाच्या आणि वेळप्रसंगी बापाच्याही तावडीतून सोडवण्यासाठी. ही गोष्ट मान्य न करता होमस्कूलिंगचा पुरस्कार करणे मला अप्रामाणिक वाटते.

पण वर्ध्याच्या मंडळींना सक्ती कशाची हवी होती, हेही तितकेच बारकाईने पाहायला हवे. परिषदेने नेमलेल्या झाकिर हुसेन समितीत आर्यनायकम्, आशादेवी, विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, के. टी. शहा अशी माणसे होती. २ डिसेंबर १९३७ रोजी, म्हणजे जेमतेम चाळीस दिवसांत, त्यांनी अहवाल दिला. त्यातले दिवसाचे वेळापत्रक आजही थक्क करते. साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटे मूलोद्योग, ४० मिनिटे संगीत, चित्रकला आणि गणित, ४० मिनिटे मातृभाषा, अर्धा तास समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान, मग १० मिनिटे व्यायाम आणि १० मिनिटे सुटी. वर्षाला कामाचे दिवस २८८. टकळीवर सूत काढायचे, तार मोजायचे, आणि त्या मोजण्यातूनच गणित शिकायचे. दहा मिनिटांच्या सुटीवर कोणत्याही पोराने बंड केले असते, ते सोडा. मुद्दा असा की, ही शाळा नेहमीच्या शाळेपेक्षा घर, शेत आणि कारखाना यांच्या जवळची होती. के. टी. शहांनी परिषदेतच स्वावलंबनाच्या कल्पनेवर हरकत घेतली होती. मुलांच्या श्रमावर शाळा चालवणे म्हणजे त्यांना राबवून घेण्याचा धोका, ही टीका पुढेही होत राहिली आणि ती पोकळ नव्हती. अहवालातली सर्वांत धीट सूचना मात्र परीक्षेबद्दलची आहे. प्रचलित परीक्षापद्धती समितीला शिक्षणाला लागलेला शाप वाटत होती. तिच्या जागी निरीक्षकांनी ठरावीक टापूतल्या शाळांमधून निवडक मुलांचे गट घ्यावेत, त्यांना काय येते ते तपासावे आणि त्यावरून त्या भागातले काम जोखावे, असे समितीने सुचवले. सक्ती शिकण्याची, तपासणी नमुन्याची आणि मुलाच्या मानेवर परीक्षेचे जू नाही, असा तो हिशेब होता.

हा हिशेब जुळला नाही. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने योजना स्वीकारली, हिंदुस्तानी तालीमी संघ उभा राहिला, मध्य प्रांतात रविशंकर शुक्लांची विद्यामंदिर योजना निघाली. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामच्या परिषदेत नई तालीम गर्भापासून मरणापर्यंत विस्तारली. पूर्वबुनियादी, बुनियादी, उत्तरबुनियादी आणि प्रौढशिक्षण असे चार टप्पे झाले. स्वातंत्र्यानंतर सरकारी शाळांनी यातून काय उचलले? सूतकताईचा एक तास. बाकी क्रमिक पुस्तके, बाकी परीक्षा, बाकी तेच. आणि ज्यांनी सेवाग्रामला सगळे टप्पे मनापासून केले, त्यांच्या शिक्षणाला विद्यापीठाच्या दारात वजन नव्हते. पुढे कॉलेजात जायचे तर मॅट्रिक हवी. नोकरी हवी तर दाखला हवा. पालकांनी जे ओळखायचे ते ओळखले. १९५९ मध्ये तालीमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला, सेवाग्रामची शाळा पुढे बंद पडली. ती आनंद निकेतन म्हणून पुन्हा सुरू व्हायला २००५ साल उजाडावे लागले. कोणत्याही सरकारने नई तालीमवर बंदी घातली नव्हती. उलट हारतुरे भरपूर घातले. विनोबांना ही गाठ नेमकी दिसली होती. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघून सुरतेला गाडी बदलून काशीला गेलेला, स्वतःची प्रमाणपत्रे जाळून मोकळा झालेला हा माणूस. १९२१ पासून वर्धा आणि पुढे पवनार हीच त्याची कर्मभूमी. शिक्षण सरकारच्या हातून काढा आणि नोकरीशी पदवीचे नाते तोडा, ज्या खात्याला माणूस हवा त्याने आपली परीक्षा घ्यावी, असे ते सांगत राहिले. त्यांचे कोणी ऐकले नाही.

याच परिसरात शाळेबाहेर शिकलेल्या मुलाचेही उदाहरण आहे. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांचा मुलगा नारायण याने लहानपणीच शाळा सोडली. वडिलांनी आणि आश्रमातल्या माणसांनी त्याला शिकवले. पुढे ते गुजरातीतले मोठे लेखक झाले, वडिलांच्या चरित्रासाठी त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि २००७ पासून ते गुजरात विद्यापीठाचे कुलपती होते. शाळेचा दाखला नसलेला माणूस विद्यापीठाच्या कुलपतिपदावर बसला, हे होमस्कूलिंगवाल्यांनी खुशाल सांगावे. पण मग हरिलालचेही नाव घ्यावे. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींनी आपली मुले शाळेत न घालता घरी आणि आश्रमात शिकवली; थोरल्या हरिलालला ते कधीच मानवले नाही. १९११ मध्ये तो बापापासून दूर होऊन मॅट्रिक व्हायला अहमदाबादेला आला आणि मॅट्रिक काही झाला नाही. मुलांच्या मनात ही सल राहिल्याचे गांधीजींनीही आत्मकथेत कबूल केले आहे. नारायणला महादेवभाईंसारखा शिक्षक आणि भोवती आश्रमभर माणसे होती, हा फरक खराच. पण त्याहून मोठा फरक असा की, त्याच्या आश्रमी शिक्षणाला मान देणारी संस्थांची एक दुनिया गांधींच्या चळवळीने तयार ठेवली होती. हरिलालला हवी होती ती मान्यता वकिलांच्या आणि कारकुनांच्या जगाची, आणि ती घरात मिळणे शक्य नव्हते.

आता आजचा कायदा. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. त्याच दुरुस्तीने पालकांवर मुलाला शिक्षणाची संधी देण्याचे कर्तव्य घातले. त्या कर्तव्याच्या कलमात शाळेचा उल्लेख नाही. तो आला १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात: कलम १० प्रमाणे पाल्याला परिसरातल्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे. पण हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकाला कायद्याने शिक्षाच ठेवलेली नाही. शाहू महाराजांचा तो एक रुपयाही नाही. इंग्लंडच्या १९४४ च्या कायद्याने मुलाने शाळेत 'किंवा अन्य प्रकारे' शिकावे अशी मुभा स्पष्ट शब्दांत ठेवली. जर्मनीने घरशिक्षणाला साफ नकार दिला. आपण दोन्ही केले नाही. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात घरी शिकणाऱ्या एका मुलीच्या याचिकेवर केंद्राने प्रतिज्ञापत्रात सांगितले की, स्वेच्छेने होमस्कूलिंग निवडणाऱ्या पालकांच्या आड हा कायदा येत नाही. प्रतिज्ञापत्र म्हणजे कायदा नव्हे, तेव्हा त्यावर विसंबून निर्धास्त होऊ नये. खरी गंमत कलम १८ मध्ये आहे. मान्यतेशिवाय शाळा चालवली तर एक लाख रुपयांपर्यंत दंड, आणि तरीही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजार. म्हणजे एका घरात एका मुलाला शिकवले तर कोणी विचारत नाही. तशीच दहा घरे एकत्र आली, एक शिक्षक ठेवला, एखाद्या शेतात किंवा वाड्यात नियमित शिकवू लागली, की त्या वर्गाला मान्यता नसलेली शाळा ठरवता येते. आश्रमातल्या नारायणाला आज फारशी अडचण नाही. आश्रमाला मात्र आहे.

दाखल्यासाठी वाटा आहेत, पण त्या घरी शिकणाऱ्यासाठी आखलेल्या नाहीत. दहावीला बाहेरून बसायचे तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म. वर्ध्याचा विद्यार्थी नागपूर विभागीय मंडळाकडे जातो. हा फॉर्म शाळा सुटलेल्यांसाठी आहे. त्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला मागतात आणि किमान पाचवी झालेली असावी लागते. ज्याने शाळा कधी धरलीच नाही, तो सोडल्याचा दाखला कुठून आणणार? म्हणून बरेच पालक राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे वळतात. चौदा वर्षे पूर्ण झाली की तिथून दहावीला बसता येते. राज्याचेही मुक्त विद्यालय मंडळ आहे आणि ते पाचवी, आठवीपासून परीक्षा घेते. मध्येच शाळेत परतायचे झाले तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याचा मुलाला हक्क आहे. ही तरतूद शाळेपासून वंचित राहिलेल्या मुलांसाठी केली, पण ती घरी शिकलेल्यालाही लागू पडते. तोवर मात्र सरकारदरबारी हे मूल शाळाबाह्य. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एकाच दिवशी शाळाबाह्य मुलांची पाहणी झाली, तशा पाहणीत वीटभट्टीवरचे पोर आणि घरात पियानो शिकणारे पोर एकाच रकान्यात पडते.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप उभा राहतो. घरशिक्षणाला कायद्यात जागा दिली तर ती वीटभट्टीचा मालकही वापरेल. मुलीला घरी बसवणारा बाप 'आम्ही घरीच शिकवतो' म्हणेल. आणि सुखवस्तू पालक जिल्हा परिषदेच्या शाळेकडे आणखी पाठ फिरवतील. तिसरी भीती मला फारशी पटत नाही. त्यांनी पाठ कधीच फिरवली आहे, ते महागड्या इंग्रजी शाळांकडे वळले आहेत, आणि त्यांना कायद्याने अडवलेले नाही. पहिल्या दोन भीती खऱ्या आहेत. पण आजच्या व्यवस्थेत तो बाप आणि तो मालक अडतात का? शिक्षण हक्क कायद्यात पालकाला शिक्षा नाही, घरी शिकण्याची नोंद नाही, तपासणी नाही. कायदा मौन धरून बसला आहे आणि त्या मौनाचा फायदा सद्हेतूच्या पालकापेक्षा दुसऱ्यालाच अधिक होतो. शिक्षा वाढवून गरिबाला कोर्टात खेचण्यापेक्षा नोंद सुरू करणे सोपे आहे. मूल घरी शिकवायचे आहे असे पालकाने गटशिक्षणाधिकाऱ्याकडे लेखी कळवावे. वर्षातून एकदा मुलाला वाचता येते का, हिशेब येतो का, ते हिंडते-बोलते का, एवढे पाहिले जावे. मूल मोठे झाले की त्यालाही विचारले जावे. हरिलालला कोणी विचारले नव्हते. एवढे पाहायला माणसे कुठून आणायची, असे शिक्षण खाते म्हणेल, आणि नोंदवह्यांखाली दबलेल्या केंद्रप्रमुखाकडे पाहिले तर ते खोटेही नाही. म्हणूनच प्रत्येक मुलाची परीक्षा न घेता निवडक गट तपासण्याची झाकिर हुसेन समितीची सूचना पुन्हा उघडून वाचण्याजोगी आहे. ती शाळांसाठी केली होती. तालुक्यातल्या नोंदलेल्या घरांना ती लावायला नवा कायदा लागणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३८ खाली राज्याला नियम करण्याचा अधिकार आहेच.