टकळी, काठीची सावली आणि आशिया खंड

भूगोल म्हटला कीं आपणांपैकीं अनेकांस शाळेंतील पाठांतर आठवेल. उष्ण कटिबंध, समशीतोष्ण कटिबंध, शीत कटिबंध. आशियाच्या नकाशावर तीन रंगांचे पट्टे. आणि परीक्षा संपतांच सर्वांचा विसर! हाच विषय दुसऱ्या रीतीनें शिकवितां येईल काय, या प्रश्नास वर्धा येथें १९३७ सालीं जें उत्तर मिळालें, त्याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

त्या वर्षीं २२ व २३ ऑक्टोबर रोजीं वर्ध्यास मारवाडी शिक्षण मंडळाच्या विद्यालयांत महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली. मुलांना सात वर्षें मोफत व सक्तीचें शिक्षण मातृभाषेंतून द्यावें, आणि त्या शिक्षणाच्या केंद्रस्थानीं एखादा उत्पादक हस्तोद्योग असावा, असें तेथें ठरलें. तपशील आंखण्याचें काम डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीकडे आलें. तींत आर्यनायकम्, विनोबा भावे, काका कालेलकर, कुमारप्पा प्रभृति मंडळी होती. २ डिसेंबर रोजीं अहवाल तयार झाला, आणि १९३८ च्या फेब्रुवारींत हरिपुरा येथील काँग्रेसनें योजनेचें तत्त्व मान्य केलें.

अहवालांतील वेळापत्रक पाहून मात्र कोणीहि शिक्षक क्षणभर थबकेल. उद्योगास रोज ३ तास २० मिनिटें. समाजशास्त्र व सामान्य विज्ञान या दोहोंस मिळून अवघीं ३० मिनिटें! भूगोल हा त्या समाजशास्त्राच्या पोटांत. एवढ्याशा वेळांत आशियासारखा अवाढव्य खंड बसावयाचा कसा? मुलें सूत कातीत बसतील आणि जगाविषयीं अज्ञानी राहतील, ही शंका त्या काळीं अनेकांनीं घेतली. ती अगदींच निराधार होती असें म्हणतां येणार नाहीं.

समितीचें उत्तर असें, कीं उद्योगाचा वेळ हा ज्ञानापासून तोडलेला वेळ नव्हे. विद्यार्थ्याच्या हातीं टकळी आहे, टकळीवर कापूस आहे, आणि तो कापूस त्याच्याच गांवच्या काळ्या जमिनींत पिकलेला आहे. तो येथेंच कां पिकतो? पाऊस थांबल्यावरहि ही जमीन ओलावा धरून ठेवते, म्हणून कोरडवाहू पीक उभें राहतें. हिमतुषार पडला तर झाड मरतें, म्हणून थंड मुलखांत तें होत नाहीं. आतां मुलास पुढें न्यावें. मध्य आशियांत फर्गाना खोऱ्यांतहि उत्तम कापूस पिकतो; पण तेथें उन्हाळ्यांत पाऊस जवळजवळ नाहीं. मग पाणी कोठून? पर्वतांवरचें बर्फ वितळून सिरदर्या नदींत येतें आणि कालव्यांनीं शेतांत पोंचतें. एकच पीक, पण एक पावसावर आणि दुसरें बर्फावर जगणारें! मनुष्य हवामानाशीं कसा जुळवून घेतो, हें येथें दिसतें. जुळवून घेण्यासहि मर्यादा असते, हें अरल समुद्रानें दाखविलें. नद्यांचें पाणी कालव्यांकडे वळविल्यामुळें १९६० नंतर तो आटत गेला.

तथापि प्रत्येक गोष्ट टकळीला ओढून बांधूं गेल्यास शिक्षणाचें हंसें होईल. सैबेरियाची थंडी सुतावरून कशी सांगणार? समितीस याची जाणीव होती. म्हणून तिनें उद्योगाच्या जोडीला नैसर्गिक परिसर व सामाजिक परिसर हींहि शिक्षणाचीं केंद्रें मानलीं. सूर्याची दिशा, दुपारच्या सूर्याची निरनिराळ्या महिन्यांतील उंची, वाऱ्याचा रोख, उष्णता व पाऊस यांच्या नोंदी विद्यार्थ्यांनींच ठेवाव्या, अशी सूचना अभ्यासक्रमांत आहे.

या सूचनेचें मोल एका साध्या काठीवरून कळेल. शाळेच्या अंगणांत ती सरळ रोंवावी. वर्ध्यास मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यांत एके दिवशीं भर दुपारीं तिची सावली नाहींशी होते. डिसेंबरांत तीच सावली जवळजवळ काठीएवढी लांब पडते. हें ज्यानें स्वतः मापलें, त्याला सैबेरियांतील व्हेर्खोयान्स्क गांवाची गोष्ट सांगावी. तेथें डिसेंबरांत सूर्य क्षितिजाशींच रेंगाळतो, आणि १८९२ सालीं तेथील पारा शून्याखालीं ६७ अंशांहूनहि अधिक उतरला होता. ती थंडी मग त्याला केवळ ऐकीव वाटणार नाहीं. तिचें कारण त्याच्या अंगणांतच सांपडलेलें असेल.

याहून मनोरंजक प्रश्न पावसाचा. वर्धा, मक्का आणि हनोई हीं तिन्ही जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. जुन्या रीतीच्या नकाशांत तिघांना एकच रंग मिळतो. परंतु वर्ध्यास वर्षाला सुमारें ४० इंच पाऊस, हनोईस ६० हून अधिक, आणि मक्केस जेमतेम चार-पांच इंच! विद्यार्थी म्हणेल, मक्का समुद्रापासून दूर असेल. वस्तुतः तांबडा समुद्र तेथून सुमारें ४५ मैलांवर आहे, आणि आपणच दोन्ही समुद्रांपासून शेंकडों मैल आंत आहों. तेव्हां समुद्र नुसता जवळ असून भागत नाहीं. बाष्प घेऊन येणारा वारा हवा, आणि त्यानें वर चढून थंड व्हावें लागतें. अरबस्तानावर हवा वरून खालीं उतरत असते, म्हणून तेथें ढग जमत नाहीं. आपल्याकडे नैर्ऋत्येचा मोसमी वारा बाष्प आणतो. ज्या मुलानें मृगाच्या सुमारास वाऱ्याचा रोख स्वतः टिपला आहे, त्याला हें समजावण्यास कितीसा वेळ लागेल?

पुढें या योजनेचें सर्वत्र सारखें चीज झालें नाहीं. जेथें शिक्षकासच असा विचार करण्याची संवय नव्हती, तेथें टकळी निराळी व भूगोल निराळा राहिला. हिंदुस्तानी तालीमी संघ १९५९ मध्यें सर्व सेवा संघांत विलीन झाला. तरी सेवाग्राम येथें २००५ सालापासून आनंद निकेतन शाळेच्या रूपानें हें कार्य पुन्हा सुरू आहे.

वर्धा जिल्ह्यांत आजहि पुष्कळसा कापूस पावसाच्याच भरंवशावर उभा असतो. येथील शेतकऱ्याच्या मुलाला हवामान हा परीक्षेचा प्रश्न नसून घरचा प्रश्न आहे. ज्या घरीं जून महिन्यांत सारे जण आभाळाकडे पाहत बसतात, त्या घरच्या मुलाला मोसमी वाऱ्याची व्याख्या तेवढी पाठ करावयास लावावी, हें योग्य आहे काय? आशिया खंड त्याच्या बांधावरूनच सुरू होतो. शिक्षकानें तेथून त्याचें बोट धरावें, एवढीच अपेक्षा.