दोन रेल्वे, अनेक धनी आणि एक प्रवासी



रेल्वेच्या इतिहासावर बोलावयाचे म्हटले, की इंजिने, पूल, मैल आणि तारखा ह्यांचीच गर्दी होते. जो मनुष्य तिकीट काढून गाडीत बसतो, त्याचा उल्लेख ह्या इतिहासात क्वचितच येतो. आलाच तर 'उतारूंची संख्या' ह्या सदरात येतो. मला आज ह्या उतारूविषयी बोलावयाचे आहे. ज्या संस्थेच्या भरवशावर आपण घराबाहेर पडतो, ती संस्था एका धन्याकडून दुसऱ्याकडे गेली, किंवा तिचे तुकडे पडले, तर त्या उतारूला काय वाटते आणि त्याच्या पदरात काय पडते, एवढाच आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आजच्या वर्तमानपत्रांतही आहे. २००२ साली भारत सरकारच्या पर्यटन महामंडळाची कित्येक हॉटेले एकेक करून विकली गेली. त्यांत तेव्हाच्या औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, अशोक हॉटेलही होते. २०२२ साली एअर इंडिया टाटांकडे परत गेली. अशा वेळी किंमत किती आली, कोणी घेतले, ह्याची चर्चा होते. तेथे उतरणाऱ्या पाहुण्याला कोणी विचारीत नाही. ही रीत नवी आहे असे पुष्कळांस वाटते. नांदेड-लातूरच्या माणसाला मात्र ती नवी वाटण्याचे कारण नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ तो हाच अनुभव घेत आला आहे.

प्रथम नांदेडची वाट घेऊ. निजामाच्या राज्यातील पहिली रेल्वे वाडीहून सिकंदराबादेस गेली, ती १८७४ साली. १८८३ मध्ये ही रेल्वे लंडनमध्ये उभारलेल्या एका कंपनीच्या हवाली करावी, पुढे ती चांद्याच्या दिशेने वाढवावी, आणि कंपनीच्या भांडवलावरील व्याजाची हमी राज्याच्या खजिन्याने द्यावी, असा बेत ठरला. हमीचा अर्थ साधा आहे. गाडी रिकामी धावली तरी भागधारकाचे व्याज बुडावयाचे नाही. तूट पडली तर ती रयतेच्या सारावसुलीतून भरून निघावयाची. हैदराबादेतील काही सुशिक्षित मंडळींनी तेव्हा एवढेच म्हटले, की करारावर सही होण्यापूर्वी त्याच्या अटी लोकांपुढे ठेवा. ह्या मंडळींत अघोरनाथ चट्टोपाध्याय होते. सरोजिनी नायडू ह्यांचे ते वडील आणि हैदराबादच्या महाविद्यालयाचे प्राचार्य. त्यांना राज्याबाहेर घालविण्यात आले, आणि करार व्हायचा तो झालाच. आपल्या भागातील रेल्वेच्या हस्तांतराबद्दल लोकांनी पहिल्यांदा तोंड उघडले, त्याचा शेवट असा हद्दपारीत झाला.

ह्या कंपनीच्या अमदानीत गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाड ते सिकंदराबाद अशी ३९१ मैलांची मीटरगेज रेल्वे झाली. १९०१ पर्यंत ती पुरी झाली आणि नांदेड जगाला जोडले गेले. पण कसे जोडले गेले? मनमाडला मुंबईकडची रुंद रुळांची रेल्वे दुसऱ्या कंपनीची, आपली मीटरगेज ह्या कंपनीची. नांदेडच्या माणसाला मुंबईस जावयाचे, की मनमाडच्या फलाटावर बोचकी-वळकट्या उतरवा, मुलेबाळे मोजा, आणि दुसऱ्या गाडीत जागा शोधा. हुजूर साहेबांच्या दर्शनास पंजाबातून येणाऱ्या शीख यात्रेकरूंनाही हे चुकले नाही. कापसाच्या आणि धान्याच्या गाड्या तेथे रिकाम्या करून पुन्हा भराव्या लागत. दोन धन्यांच्या मधली शीव ही अशी हमालाच्या पाठीवरून आणि प्रवाशाच्या डोक्यावरून जात असे.

१ एप्रिल १९३० रोजी निजाम सरकारने ही रेल्वे कंपनीकडून विकत घेतली. आता धनी लंडनचा राहिला नाही, हैदराबादचा झाला. १९३२ च्या जूनमध्ये ह्याच रेल्वेने २७ मोटारी आणि १६६ नोकर घेऊन रस्त्यावरची वाहतूक सुरू केली. वेरूळ-अजिंठा पाहावयास येणाऱ्यांसाठी औरंगाबादेस रेल्वेच्याच व्यवस्थेखाली हॉटेल होते. १९४५ साली टाटांच्या भागीदारीत डेक्कन एअरवेज निघाली. म्हणजे आगगाडी, मोटार, मुक्कामाची जागा आणि विमान, सगळे एका छत्राखाली. ह्या व्यवस्थेचे कौतुक करणारे आजही भेटतात, आणि शिस्तीपुरते ते खरेही असेल. परंतु ज्या राज्यात प्रजेला राजकीय हक्क नव्हते, त्या राज्यातील ही शिस्त होती, हे विसरता कामा नये. गाडी वेळेवर येईल. ती कोठे जावी हे मात्र तुम्ही विचारावयाचे नाही.

१९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद मुक्त झाले, आणि ह्या छत्राच्या काड्या वेगळ्या होऊ लागल्या. १९५० मध्ये रेल्वे भारत सरकारकडे गेली. १९५१ च्या नोव्हेंबरात तिच्या मोटारी राज्य सरकारच्या खात्याकडे आल्या, आणि त्याच महिन्यात रेल्वे मुंबईच्या मध्य रेल्वेत विलीन झाली. १९५३ साली डेक्कन एअरवेज इंडियन एअरलाइन्समध्ये मिळाली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मोटारींच्याही वाटण्या झाल्या. तेलंगणातल्या आंध्र प्रदेशाकडे, कानडी जिल्ह्यांतल्या म्हैसूरकडे, मराठवाड्यातल्या मुंबई राज्याकडे. पुढे १९६१ साली महाराष्ट्राचे एस. टी. महामंडळ झाले आणि मराठवाड्याची वाहतूक त्यात सामील झाली.

ह्या फाटाफुटीबद्दल प्रवाशाला काय वाटले? निजामाची रेल्वे गेली म्हणून कोणी डोळ्यांत पाणी आणल्याचे ऐकिवात नाही, आणि तसे होणे शक्यही नव्हते. ज्या राजवटीविरुद्ध लोक तुरुंगात गेले, तिच्या गाड्यांवरची नावे पुसली गेली ह्याचा आनंदच व्हावयाचा. अडचण कळली ती नंतर, रोजच्या व्यवहारात. देगलूरचे बिदरशी, धर्माबादचे निजामाबादशी जे पिढ्यान्‌पिढ्यांचे येणेजाणे होते, त्यावर आता राज्याची सीमा आली, आणि मोटार पलीकडे न्यावयाची तर दोन राज्यांचा करार लागू लागला. भाषावार प्रांत हे आपलेच मागणे होते आणि ते योग्यच होते; पण त्याची थोडी किंमत सीमेवरच्या उतारूने मोजली, हेही नोंदले पाहिजे.

आता लातूरकडे वळू. लातूरही निजामाच्याच राज्यात. परंतु तेथे आलेली रेल्वे निजामाची नव्हती. ती बार्शी लाईट. मुंबईहून सोलापुरास जाणारा मोठा रेल्वेमार्ग बार्शीला टाळून गेला. तेथून बार्शीस जोडण्यासाठी एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्या इंग्रज इंजिनियराने १८९५ साली लंडनमध्ये कंपनी स्थापन केली आणि १८९७ मध्ये गाडी सुरू केली. रूळ अवघे अडीच फूट रुंद. ह्या गृहस्थाने एक बारीक हिशेब मांडला होता. इंजिन असो, डबा असो वा वाघीण असो, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडावयाचा नाही; म्हणजे हलक्या रुळांवरून पुष्कळ माल नेता येईल. आपले डबे आणि वाघिणी हिंदुस्थानात धाडण्यापूर्वी त्याने लीड्स शहराजवळ रूळ टाकून चालवून पाहिल्या. १९०६ मध्ये ही रेल्वे पंढरपुरास, १९११ मध्ये लातुरास आणि १९२७ मध्ये मिरजेस पोचली. लातूरच्या अडत बाजाराला तिने दूरच्या पेठा उघडून दिल्या आणि वारकऱ्याला पंढरीची वाट जवळची केली.

तरीही येथेही तीच कथा. बार्शी लाईटची गाडी कुर्डुवाडीस येऊन थांबावयाची, आणि पुढे मोठ्या गाडीत बसावयाचे. दुसऱ्या अंगाला निजामाची रुंद रुळांची विकाराबाद-परळी रेल्वे लातूर रोडवरून गेली. पण लातूर शहर आणि लातूर रोड ह्यांच्या मधली तीस-पस्तीस किलोमीटरची वाट कित्येक दशके रुळांवाचून राहिली. एक रेल्वे लंडनच्या भागधारकांची, दुसरी हैदराबादची. दोघी एवढ्या जवळ येऊन भेटल्या नाहीत. नकाशावरची ही पोकळी म्हणजे मालकीची सावलीच होय.

१ जानेवारी १९५४ रोजी भारत सरकारने बार्शी लाईट विकत घेतली. येथे मी आपले लक्ष दोन आकड्यांकडे वेधतो. १८९७ ते १९५४, म्हणजे ५७ वर्षे, कंपनीने ही रेल्वे चालविली. त्यानंतर सरकारने ती चालविली. आणि लातूरपासून कुर्डुवाडीपर्यंतचा सारा मार्ग ब्रॉडगेज झाला तो २००८ साली, म्हणजे ५४ वर्षांनी. परक्या कंपनीचा काळ आणि आपल्या सरकारचा त्याच अडीच फुटी रुळांवरचा काळ जवळजवळ सारखाच भरला! धनी बदलला म्हणून रूळ एक इंचाने रुंद झाले नाहीत. प्रवाशाने तरी दुसरे काय मानावे? म्हणूनच की काय, खरेदी होऊन इतकी वर्षे लोटली तरी जुनी माणसे 'बार्शी लाईट' हेच नाव घेत राहिली. कागदावरचा बदल गाडीत बसल्यावर दिसला नाही, तर लोक नाव कशासाठी बदलतील?

मग कंपनी घेतली ह्याचा काहीच उपयोग झाला नाही काय? असे म्हणणे अन्यायाचे होईल. लंडनच्या कंपनीच्या वार्षिक सभेत लातूरचा अडत्या किंवा पंढरीचा वारकरी उभा राहून जाब विचारू शकत नव्हता. निजामाच्या काळात तर अटी दाखवा म्हणणाराच राज्याबाहेर गेला. रेल्वे लोकांची झाली तेव्हा लोकसभेत तिच्याविषयी प्रश्न विचारता येऊ लागला, निवेदन देता येऊ लागले, मोर्चा नेता येऊ लागला. मराठवाड्यात गोविंदभाई श्रॉफ ह्यांच्यासारख्या नेत्यांनी मीटरगेजचे ब्रॉडगेज करा ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली, आणि १९९० नंतरच्या काळात मनमाडकडून नांदेडपर्यंत रुंद रूळ आले. मनमाडच्या फलाटावरची ती धावपळ संपली, ती धन्याच्या कृपेने नव्हे; प्रवाशाने मागणे सोडले नाही म्हणून. हस्तांतराने आपल्याला दाद मागण्याची जागा दिली. रुंद रूळ मात्र आपल्याला मागूनच घ्यावे लागले.

पण फाटाफुटीत ही दाद मागण्याची जागाही वाटली जाते, हे आपण लक्षात घेतले पाहिजे. १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वे निघाली आणि नांदेडचे, तसेच सोलापूर विभागातील लातूरचे निर्णय सिकंदराबादेस होऊ लागले. १९७७ मध्ये सोलापूर विभाग मध्य रेल्वेकडे परत गेला. त्याबरोबर लातूर मुंबईकडे गेले, नांदेड सिकंदराबादकडे राहिले. २००३ साली नांदेडला स्वतंत्र विभाग मिळाला, तोही दक्षिण मध्य रेल्वेतच. आणि मध्य रेल्वेत जाण्याची मागणी नांदेडकडून पुनःपुन्हा होत आली. लातूर आणि लातूर रोड ह्यांच्यामध्ये आता रूळ आहेत, पण एका स्थानकाची तक्रार मुंबईच्या वाटेने आणि दुसऱ्याची सिकंदराबादच्या वाटेने जावी, अशी व्यवस्था झाली. लंडनची कंपनी गेली, निजाम गेला. त्यांच्यामधली शीव मात्र दप्तरात शिल्लक राहिली.

ह्याहून वाईट असे, की ती शीव आपल्या मनातही शिरते. २०१७ साली मुंबई-लातूर गाडी बिदरपर्यंत नेण्याचे ठरले तेव्हा लातुरात मोठा विरोध झाला. त्यामागची भीती खोटी नव्हती. डबे तेवढेच आणि वाटेकरी वाढले, तर जागा कोणाची जाणार? परंतु आपल्या आजोबांनी जे रूळ पुढे जात नाहीत म्हणून तक्रार केली, ते पुढे गेले म्हणून नातवाने तक्रार करावी, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. ह्या गावाच्या प्रवाशाला त्या गावाच्या प्रवाशासमोर उभे केले, म्हणजे अधिक गाड्या मागावयास कोणी उरत नाही. आपला झगडा बिदरशी नाही आणि एकमेकांशीही नाही. तो अपुऱ्या गाड्यांशी आहे.

शेवटी एक प्रसंग सांगून मी आपली रजा घेतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर पाण्यावाचून तडफडत होते. त्या वेळी मिरजेहून पाणी भरून आगगाडी निघाली. पहिल्या खेपेस दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी आले. पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेस पंचवीस लाख लिटर आणू लागली. ती आली कोणत्या वाटेने? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. काही ठिकाणी मार्ग वळवून धाराशिव शहरातून नेला आहे, एवढे सोडले तर ही जुन्या बार्शी लाईटचीच वाट. पूर्वीचे अडीच फुटी रूळ असते, तर एवढ्या जड वाघिणी त्यांवरून येऊ शकल्या नसत्या. ज्यांनी पन्नास वर्षे रुंद रूळ मागितले, त्यांच्यापैकी कोणाच्या डोक्यात पाण्याची गाडी नसेल. त्यांना मुंबईची गाडी हवी होती. पण त्यांनी मागितले म्हणून त्या उन्हाळ्यात शहराला पाणी मिळाले.

धनी बदलतात, कंपन्या फुटतात, विभाग पडतात. उद्या पुन्हा असे काही घडले, तर किंमत किती आली हे ऐकून घरी जाऊ नका. अघोरनाथांनी १८८३ साली विचारले तेच विचारा, की अटी काय आहेत. आज तो प्रश्न विचारल्याबद्दल कोणी आपल्याला हद्दपार करणार नाही.