पहिले वेल्डिंग यंत्र निवडताना

घरच्या घरी लोखंडी स्टँड, टेबल किंवा जाळी तयार करण्याचा आणि जोडीला छोट्या भट्टीवर लोहारकाम करण्याचा छंद असणाऱ्यांपुढे पहिला प्रश्न असतो तो वेल्डिंग यंत्राचा. अनेकजण खोक्यावर ठळक छापलेला अँपिअरचा आकडा पाहून निर्णय घेतात. प्रत्यक्षात मर्यादा ठरते ती घरातील वीजजोडणीवर.

230 व्होल्ट, 16 अँपिअरच्या सॉकेटमधून जास्तीत जास्त 3,680 वॅट शक्ती मिळते. 200 अँपिअरवर वेल्डिंग करताना आर्कचा दाब सुमारे 28 व्होल्ट असतो; म्हणजे एकट्या आर्कलाच 5,600 वॅट लागतात. अशा वेळी एमसीबी पडतो. वायरिंग जुनी असल्यास तारा तापण्याचा धोका असतो. घरगुती कामांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या 2.5 मिलिमीटरच्या रॉडला मात्र 60 ते 90 अँपिअर पुरतात. अर्थिंग व वायरिंग आधी जाणकाराकडून तपासून घ्यावे.

नवशिक्यांसाठी रॉडवर चालणारे इन्व्हर्टर यंत्र सोयीचे. ते हलके असते आणि त्याला गॅसचा सिलिंडर लागत नाही. पातळ पत्र्यासाठी 'मिग' सोपे. परंतु त्याला साधारणतः गॅस लागतो आणि उघड्यावर वाऱ्याने तो उडून जातो. 'टिग'चे काम सुबक होते, मात्र त्यास आर्गॉन वायू आणि बराच सराव हवा.

यंत्राची 'ड्यूटी सायकल'ही पाहावी. 60 टक्के याचा अर्थ, त्या अँपिअरवर दर 10 मिनिटांत 6 मिनिटे काम आणि 4 मिनिटे विश्रांती.

लोहारकामासाठी अनेकजण मालमोटारीचे जुने पाटे वापरतात. या पोलादात कार्बन अधिक असल्याने जोड झटकन थंड झाल्यास ठिसूळ होऊन तडकतो. म्हणून तुकडा आधी तापवावा, 7018 प्रकारचा कोरडा रॉड वापरावा आणि जोड राखेत सावकाश निवू द्यावा.

यंत्रावरच सारे पैसे खर्च करू नयेत. 10 किंवा 11 क्रमांकाच्या काचेचे शिरस्त्राण, चामडी हातमोजे आणि जाड सुती कपडे अत्यावश्यक आहेत. साध्या गॉगलने डोळ्यांचे रक्षण होत नाही. जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपवर वेल्डिंग केल्यास निघणाऱ्या धुराने थंडीताप येऊ शकतो. त्यामुळे मुलामा आधी काढून टाकावा आणि काम मोकळ्या हवेतच करावे.