परिषदेचे भाडे कोण देतो? विद्वत्परिषदांच्या प्रवासखर्चाचा इतिहास (१८७४–१९३८)

प्रस्तावना

विज्ञानाच्या इतिहासात आपण शोध, प्रयोग आणि ग्रंथ यांचा अभ्यास करतो. पण शोध जाणकारांपुढे मांडायचा तर संशोधकाला त्यांच्या सभेपर्यंत पोहोचावे लागते आणि त्यासाठी भाडे भरावे लागते. ही साधी बाब बहुधा नजरेतून सुटते. वाफेची जहाजे आणि रेल्वे आल्यावर दूरच्या परिषदेला जाणे शक्य झाले, पण ते स्वस्त झाले नाही. त्यामुळे 'परिषदेत कोण बोलले?' या प्रश्नाआधी 'त्याचे भाडे कोणी दिले?' हा प्रश्न विचारावा लागतो. प्रस्तुत टिपणात काही ठळक उदाहरणांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

१. फिरती परिषद आणि यजमानांचा पैसा

ब्रिटिश असोसिएशन ही संस्था १८३१ मध्ये यॉर्क येथे स्थापन झाली. दरवर्षी नव्या गावी अधिवेशन भरवायचे, ही तिची पद्धत होती. राजधानीत राहणाऱ्यांनाच विज्ञानाचा लाभ मिळू नये, हा त्यामागचा एक हेतू. परिषद फिरती असल्याने प्रवासाचा भारही दरवर्षी वेगवेगळ्या लोकांवर पडत असे.

१८८४ मध्ये हे अधिवेशन प्रथमच ब्रिटिश बेटांच्या बाहेर, कॅनडातील माँट्रियल येथे भरले. लॉर्ड रॅले अध्यक्ष होते. अटलांटिक ओलांडण्याचा खर्च प्रत्येक प्राध्यापकाला झेपणारा नव्हता. म्हणून कॅनडाच्या सरकारने प्रवासासाठी अनुदान दिले आणि वाहतूक कंपन्यांनी सवलती दिल्या. अधिवेशन ऑगस्टच्या अखेरीस, म्हणजे विद्यापीठांच्या लांब सुट्टीत ठेवलेले होते. शिवाय एका भाड्यात अनेक कामे उरकण्याची सोय होती. अमेरिकन असोसिएशनचे अधिवेशन लगेच सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियाला होते आणि अनेक सदस्य तेथे गेले. विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्विन) यांनी ऑक्टोबरमध्ये बाल्टिमोर येथे आपली प्रसिद्ध व्याख्यानमाला दिली.

यजमान सरकार पैसा देत होते, त्यामागे त्याचाही हेतू होता. नव्या वसाहतीतील जमीन, खनिजे आणि रेल्वेमार्ग नामवंत पाहुण्यांनी पाहावेत आणि परत जाऊन त्यांविषयी बोलावे, अशी अपेक्षा होती.

२. ऑस्ट्रेलिया, १९१४

हीच पद्धत ऑस्ट्रेलियाने अधिक मोठ्या प्रमाणावर राबवली. १९१४ च्या अधिवेशनासाठी तेथील संघराज्य सरकारने परदेशी पाहुण्यांच्या प्रवासाकरिता १५,००० पौंड मंजूर केले. पाहुणे पर्थ, अ‍ॅडलेड, मेलबर्न, सिडनी आणि ब्रिस्बेन अशा शहरांतून जाणार होते. इंग्लंडहून जहाजाने जायलाच पाच-सहा आठवडे लागत, म्हणजे येण्याजाण्यासह चार-पाच महिने सहज जात. विल्यम बेटसन अध्यक्ष होते. अर्नेस्ट रदरफर्ड आणि तरुण हेन्री मोझली हेही आले होते.

पाहुणे प्रवासात असतानाच ४ ऑगस्ट रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. अधिवेशन पार पडले, पण काही जर्मन पाहुण्यांवर संशय घेतला गेला आणि मानववंशशास्त्रज्ञ फ्रिट्झ ग्रेबनर यांना युद्धकाळ स्थानबद्धतेत काढावा लागला. मोझली परत जाऊन सैन्यात दाखल झाले आणि १९१५ मध्ये गॅलिपोली येथे मारले गेले.

३. सचिव म्हणून मिळालेले भाडे

या प्रवासाचा सर्वांत दूरगामी परिणाम एका फारसे नाव नसलेल्या तरुणामुळे झाला. ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की क्राकूमध्ये जन्मलेला पोलिश अभ्यासक होता आणि लंडनमध्ये मानवशास्त्र शिकत होता. त्याला न्यू गिनीत क्षेत्रकार्य करायचे होते. त्याचे शिक्षक सेलिगमन यांनी शिष्यवृत्तीची खटपट केली. तरी एवढ्या लांबच्या प्रवासाचे भाडे हा प्रश्न होताच.

तो एका पदामुळे सुटला. मानवशास्त्र विभागाचे कार्यवाह आर. आर. मॅरेट यांना सरकारी खर्चाने एक सचिव सोबत नेण्याची मुभा होती. मॅरेट यांनी मालिनोव्स्कीची त्या जागी निवड केली आणि तो कोलंबोमार्गे ऑस्ट्रेलियात पोहोचला.

तो ऑस्ट्रियाचा प्रजाजन असल्याने युद्ध सुरू होताच कागदोपत्री 'शत्रुराष्ट्राचा नागरिक' ठरला. त्याला ट्रोब्रियंड बेटांवर कैद करून ठेवले होते, अशी दंतकथा अजूनही सांगितली जाते. ती खरी नाही. ऑस्ट्रेलियन सरकारने त्याला संशोधनाची परवानगी दिली आणि पैशाचीही मदत केली. १९१५ ते १९१८ या काळात दोन खेपांत तो ट्रोब्रियंड बेटांवर राहिला, तेथील भाषा शिकला आणि लोकांमध्ये वावरला. त्यातून १९२२ चा 'आर्गोनॉट्स ऑफ द वेस्टर्न पॅसिफिक' हा ग्रंथ आकाराला आला. आज मानवशास्त्राच्या विद्यार्थ्याला 'सहभागी निरीक्षण' ही पद्धत शिकवताना याच ग्रंथापासून सुरुवात होते.

४. भारतातून जाणारे

भारतातील विद्वानांना यजमानांचे असे अनुदान सहसा मिळत नसे. पर्याय दोन होते: निबंध पाठवणे किंवा सरकारचा प्रतिनिधी म्हणून जाणे. रा. गो. भांडारकर यांच्या चरित्रात दोन्ही दिसतात. १८७४ च्या लंडनच्या प्राच्यविद्या परिषदेला त्यांना जाता आले नाही, म्हणून त्यांनी नाशिकच्या शिलालेखांवरील निबंध पाठवला. १८८६ मध्ये मात्र ते मुंबई सरकारचे प्रतिनिधी म्हणून व्हिएन्नाच्या परिषदेस गेले.

१९०० मध्ये जगदीशचंद्र बसू पॅरिसच्या भौतिकशास्त्र परिषदेला बंगाल सरकारच्या वतीने गेले आणि तेथून ब्रॅडफर्ड येथील ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनातही बोलले. एका प्रवासात दोन व्यासपीठे, हा माँट्रियलचाच हिशोब होता.

१९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन कलकत्ता विद्यापीठाचे प्रतिनिधी म्हणून ऑक्सफर्डच्या विद्यापीठ परिषदेला गेले. परतताना 'नारकुंडा' जहाजावरून दिसणाऱ्या समुद्राच्या निळेपणाचे त्यांनी निकोल प्रिझमने निरीक्षण केले. हा निळेपणा आकाशाचे केवळ प्रतिबिंब आहे, असे रॅले यांचे मत होते. ते अपुरे असल्याचे रामन यांनी दाखवले. प्रकाशाच्या विकिरणाचा हा अभ्यास पुढे १९२८ च्या रामन परिणामापर्यंत गेला.

सरकार किंवा विद्यापीठ पाठवते तेव्हा निवडही तेच करते. ज्याचे नाव वरिष्ठांपर्यंत पोहोचलेले नाही, त्याच्यासाठी बंदर बंदच राहते.

५. परिषदच जवळ आणणे

यावरचा तिसरा उपाय म्हणजे आपल्याच देशात परिषद भरवणे. मद्रासचे जे. एल. सायमनसन आणि लखनौचे पी. एस. मॅकमहन या दोन ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी ब्रिटिश असोसिएशनच्या धर्तीवर वार्षिक सभेची कल्पना मांडली. जानेवारी १९१४ मध्ये कलकत्त्यात आशुतोष मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय विज्ञान परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. त्याला १०५ जण उपस्थित होते. पुढची अधिवेशने मद्रास, लखनौ, बंगळूर अशी फिरत राहिली. एका वर्षी दूर पडलेल्या अभ्यासकाला दुसऱ्या वर्षी परिषद जवळ सापडू लागली. १९३८ च्या कलकत्त्यातील रौप्यमहोत्सवी अधिवेशनाला तर ब्रिटिश असोसिएशनचे शास्त्रज्ञच समुद्र ओलांडून आले. नियोजित अध्यक्ष रदरफर्ड यांचे ऑक्टोबर १९३७ मध्ये निधन झाल्याने जेम्स जीन्स यांनी अध्यक्षपद भूषवले.

समारोप

सुट्टीचा काळ साधणे, एका भाड्यात दोन कामे करणे, सवलत मिळवणे, एखादे पद स्वीकारून प्रवास पदरात पाडणे, तेही न जमल्यास निबंध पाठवणे किंवा परिषदच आपल्याकडे बोलावणे, हे उपाय आजही ओळखीचे वाटतील. मालिनोव्स्कीला सचिवपद मिळाले नसते तर मानवशास्त्राचा पुढचा इतिहास वेगळा झाला असता काय, याचे उत्तर देता येत नाही. पण भाडे न मिळाल्याने जे गेलेच नाहीत, त्यांची नावे परिषदांच्या इतिवृत्तांत सापडत नाहीत. म्हणून उपस्थितांची यादी वाचताना ती गुणवत्तेची यादी आहे असे गृहीत धरू नये. काही अंशी ती ज्यांचे भाडे भरले गेले त्यांची यादी असते.

विचारार्थ प्रश्न

१. यजमान सरकारांनी परिषदेच्या प्रवासखर्चाला मदत का केली? माँट्रियल आणि ऑस्ट्रेलिया यांच्या आधारे लिहा.
२. फिरत्या परिषदेमुळे कोणाला लाभ होतो? भारतीय विज्ञान परिषदेच्या संदर्भात चर्चा करा.